आडसालीचं भोक

‘जुनं सगळं नव्यावर जसंच्या तसं चालतं’ असं कुणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं अजून तापतं. म्हणणारा बिचारा बँकेतला असतो नाहीतर मोबाइलच्या दुकानातला, त्याचा काही दोष नसतो. पण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीला, सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या ऑफिसात. त्या वाक्यापायी कोण भरडलं गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझं माहेर वडूजकडचं. आमच्याकडं बाजरी आणि मटकी, ऊस फक्त जत्रेत चोखायला मिळायचा. मॅट्रिकनंतर मावशीकडं राहायला आले आणि कारखान्यात कार्डं पंच करायला लागले. हल्लीच्या मुलांना कार्ड म्हणजे काय हे सांगावं लागतं. पोस्टकार्डापेक्षा लांबट, जाड कागदाचं. टाइपरायटरसारख्या मशीनवर कळ दाबली की अक्षर उमटत नाही, भोक पडतं. कोणतं भोक कुठल्या रकान्यात, त्यावर आकडा ठरतो. उसाच्या एका प्लॉटला एक कार्ड: शेतकऱ्याचा नंबर, गाव, उसाची जात कुठली, लागण म्हणजे लावणी कोणत्या महिन्यातली. गठ्ठा कॉम्प्युटरला चारला की तो तोडणीची यादी छापायचा, म्हणजे कुणाचा ऊस आधी तोडायचा आणि कुणाचा मागनं. मला हे कुणी शिकवलं नाही. आधीच्या बाईंच्या मागं उभं राहून शिकले. त्या लग्न होऊन गेल्या आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसले.

आता त्या भोकाची गोष्ट. पौष-माघात लावतात तो सुरू ऊस, आणि त्याच्या आधी, आषाढ-श्रावणात लावतात तो आडसाली. आडसाली दीड वर्षाचा होतो आणि हंगाम सुरू झाला की त्याला पहिला कोयता लागला पाहिजे. राहिला तर तुरा येतो, ऊस पोकळ होतो. पण कार्डावर ‘हा आडसाली’ असं लिहायला रकानाच शिल्लक नव्हता, सगळे भरलेले. मग जुन्या शेतकी अधिकाऱ्यांनी आणि माझ्या आधीच्या बाईंनी एक युक्ती काढली होती. लागणीच्या महिन्याच्याच रकान्यात, कार्डाच्या अगदी वरच्या कडेला एक जादा भोक पाडायचं. जुना प्रोग्रॅम ते भोक ओळखायचा आणि तो प्लॉट यादीत वर घ्यायचा. हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. तोंडी चालायचं, जसं पाटाच्या पाण्याची पाळी तोंडी चालते.

अधिकारी रिटायर झाले. मग जुना कॉम्प्युटर गेला आणि नवा आला. त्याच्याबरोबर शहरातून एक इंजिनिअर आले. बूट काढून आत यायचं, खोली गार ठेवायची, असे सगळे सोहळे झाले. इंजिनिअर साहेबांनी आमच्यासमोर सांगितलं, “ही सिस्टिम नवी असली तरी जुने प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवते. हे मशीन जुन्या मशीनचं सोंग घेतं, असं समजा. तुम्हाला काही बदलायला नको.”

मी विचारलं, “साहेब, आणि महिन्यावरच्या जादा भोकाचं काय?”

ते हसले. म्हणाले, “बाई, भोकांची काळजी मशीन घेईल. तुम्ही फक्त पाडत राहा.”

सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

दिवाळी झाली, गाळप सुरू झालं, यादी लागली. आणि तीन आठवडे कुणाला काही कळलं नाही. का, तर आमच्या लोकांची खोड. ज्यांचा वशिला त्यांचा ऊस तसाही चिठ्ठीवर जात होता. ज्यांचा आडसाली राहिला त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, चाललंय नेहमीसारखं, आपण मतं दिली नाहीत म्हणून मागं टाकलं. शिव्या दिल्या, चहा प्यायले, घरी गेले. यादीच चुकली असेल असं एकाच्याही मनात आलं नाही. अन्यायाची इतकी सवय, की चूक ओळखू येईना.

ओळखली ती एका बाईनं. माझ्याच वयाची, पदर खोचलेला, बांगड्या मनगटाच्या वर सरकवलेल्या. थेट माझ्या टेबलाशी आली.

“यादी तुमी करता व्हय?”

“मी कार्डं करते. यादी मशीन करतं.”

“मग मशीनला इचारा, माझा आडसाली हाय का न्हाई. माझ्या चुलत्याचा सुरू ऊस तोडाय लागल्यात. मागनं लावला, आदी तोडला. असं कवा झालंय?”

मी म्हटलं, बघते. तर म्हणाली, “नुसतं बघू नका. माझं घरधनी मिल्ट्रीत हायत. दोन म्हैन्यांच्या रजेवर आल्यात, त्यातला म्हैना गेला.”

मग तिनं उभ्याउभ्या सगळं सांगितलं. तिघं भाऊ, एकत्र जमीन, एकत्र चूल. थोरल्या जावेचा जाच. वाटणी करून द्यायला भाऊ कसेबसे तयार झाले होते, पण शेतात ऊस उभा असताना वाटणी होत नाही. रान मोकळं पाहिजे, चार पंच बोलवायला पाहिजेत, दोरी धरून बांध टाकायला पाहिजे. आणि नवरा हजर पाहिजे, कारण बाईच्या हातात दोरी कोण देतंय. तो रजेवर असेपर्यंत ऊस गेला तर तिची चूल वेगळी होणार होती. नाही गेला तर आणखी एक वर्ष.

“मी एकटी न्हाई ऱ्हायची त्या घरात आजून साल,” ती म्हणाली. रडली नाही. नुसतं सांगितलं.

ती गेल्यावर मी यादीचा शेवट काढून बघितला. सगळ्यात शेवटची पानं. ओळीनं आडसाली, एकूण एक. त्या सोंगाड्या मशीननं काय केलं होतं सांगते. एका रकान्यात दोन भोकं दिसली की नवी सिस्टिम तो आकडा न धरता एखादं अक्षर समजायची. महिन्याच्या जागी अक्षर म्हणजे महिना माहीत नाही, आणि माहीत नाही ते सगळ्यात शेवटी. बरं, निदान बोंब तरी मारायची. नाही. मुकाट्यानं शेवटी ढकललं आणि झकास यादी छापून दिली.

मी यादी घेऊन ऑफिस सुपरिटेंडेंटांकडं गेले. इंजिनिअर तिथंच बसलेले. मी सांगत होते आणि ते मान हलवत होते, नाही म्हणून.

“मशीन चुकत नाही, बाई. पंचिंगमध्ये चुका आहेत. महिन्याच्या रकान्यात डबल पंच झालेत.”

“झाले नाहीत, मी पाडलेत. पाडायचेच असतात.”

“असं कुठं लिहिलंय?”

कुठंच नव्हतं लिहिलं.

सुपरिटेंडेंट म्हणाले, “हे बघा, वर उत्तर द्यावं लागणार. तुम्ही एक साधा कागद लिहून द्या, माझ्या हातून पंचिंगच्या चुका झाल्या म्हणून. तो फायलीला लागला की कार्डं काढा आणि दुरुस्त करा. त्याआधी कार्डांना हात लावायचा नाही.”

“चुका नाहीत तर लिहू कशाला?”

“तुमची नोकरी काही जात नाही. फॉर्मॅलिटी आहे.”

“मग तुम्हीच लिहा.”

शिपायानं कपाटाला कुलूप घातलं. आत माझीच कार्डं. तीन दिवस मी रिकाम्या टेबलाशी बसले. रोज सकाळी तो कागद टाइप होऊन माझ्यासमोर यायचा, रोज मी तो पालथा घालून वर पेपरवेट ठेवायची. ऑफिसातले लोक जाताजाता म्हणायचे, “कर की गं सही, काय राणीचं राज्य जातंय?” माझा बाप कोयनानगरला धरणाच्या कामावर मुकादम होता. साहेबाच्या चुकीच्या मापावर एकदा त्यानं सही केली आणि जन्मभर ती सही चघळत बसला. मी ते बघत वाढले होते. सही करणार नव्हते.

चौथ्या दिवशी मी गोडाऊनमध्ये गेले. तिथं साखरेची पोती शिवणारे एक म्हातारे मामा होते. त्यांच्याकडनं दाभण मागून घेतलं, पोती शिवायची जाड सुई. मामा म्हणाले, “कुणाला टोचतीस, पोरी?” म्हटलं, बघू कोण पुढं येतंय.

सुपरिटेंडेंटांना म्हटलं, कपाट तुम्हीच उघडा, कार्डंही तुम्हीच काढा. यादीच्या शेवटच्या दोन पानांवरचे नंबर सांगते, तेवढीच. त्यांनी कुरकुरत काढली. मी गठ्ठा टेबलावर आपटून चारी कडा सारख्या केल्या. मग महिन्याच्या रकान्यावर, वरच्या ओळीत दाभण लावलं आणि ढकललं. एका बाजूनं गेलं आणि दुसऱ्या बाजूनं निघालं. कुठं अडलं नाही.

“चूक असती तर एका कार्डावर इथं, एकावर तिथं असती,” मी म्हटलं. “एवढ्या कार्डांवर चूक एकाच जागी कशी पडते, सांगा. आता सुरू लागणीची कुठलीही कार्डं काढा, तेवढीच.”

काढली. दाभण पहिल्याच कार्डाला अडलं. टोकानं कार्डाला छोटीशी खळी पडली.

सुपरिटेंडेंटांनी चष्मा काढून पुसला. इंजिनिअर कार्ड उजेडाकडं धरून बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, “पण ही पद्धत स्टँडर्ड नाही.” बास, एवढंच. प्रोग्रॅम दुरुस्त करायला मुंबईहून माणूस यायला हवा होता, त्याला महिना. म्हणून आडसालीची कार्डं मी एकेक उजेडाला धरून वेगळी काढली, हातानं क्रम लावला, यादी टाइप केली. दीड दिवस लागला. ऊसतोडीच्या टोळ्या तिकडं वळवल्या. पुढं कारखान्याच्या अहवालात छापून आलं, की नवी प्रणाली जुन्या कामावर यशस्वीपणे बसवण्यात आली. इंजिनिअरांचा फोटो होता.

हे सगळं मी पूर्वी चारचौघांत सांगायची. दाभणापर्यंत सांगितलं की लोक खूश व्हायचे. पुढचं सांगत नसे.

त्या बाईची पाळी माझ्या यादीत वर होती, पण तिच्या आधी जे होते ते होतेच. तिच्या शेतात टोळी उतरली त्या दिवशी दुपारी मी मुद्दाम एस्टीनं गेले. वाटलं, भेटावं. ऊस निम्मा आडवा झाला होता. ती मोळ्या बांधत होती, दोन दीर बांधावर बसून होते. नवरा दिसला नाही.

“परवा गेलं,” ती म्हणाली. “गाडी मिरजंस्नं व्हती. तार आलती, लवकर हजर व्हा म्हणून.”

“आणि वाटणी?”

तिनं दिरांकडं बघितलंसुद्धा नाही. “आता फुडच्या साली.”

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी तिला सगळं सांगितलं. कुलूप, तीन दिवस, तो कागद, मी सही कशी केली नाही, दाभण कसं आरपार गेलं. मला वाटलं तिला बरं वाटेल, की कुणीतरी भांडलं. ती मोळी बांधायची थांबली.

“म्हंजे सही केली असती तर त्याच दिशी कपाट उगडलं असतं?”

“हो, पण चूक माझी नव्हती.”

“न्हवती की,” ती म्हणाली. “आमी कुटंकुटं अंगठं देतो, बाई. सगळ्या आमच्याच चुका असत्यात व्हय?”

आणि पुन्हा मोळी बांधायला लागली.

परतीच्या एस्टीत मी सुपरिटेंडेंटांना शिव्या दिल्या, इंजिनिअरला दिल्या, त्या मशीनला दिल्या. तीन दिवस त्यांनी खाल्ले, यात शंका नाही. पण त्या तीन दिवसांत समोरच्या कागदावर पेपरवेट माझाच होता. आज तोच कागद पुन्हा समोर आला तर मी सही करीन का? नाही करणार. मला माहीत आहे. आणि त्या बाईचं बोलणं आठवतं तेव्हा याचाच सगळ्यात जास्त राग येतो.