धान्याच्या टाकीतली हिरवी फुलं

ताई कुठल्याही गोष्टीवर मत देण्याआधी तिचा वास घ्यायची. मोड आणून वाळवलेल्या जवाचं मूठभर माल्ट असो, नुकताच धुतलेला पाइप असो की माझ्या डब्यातली भाजी. आधी नाक, मग तोंड. मुरबाडजवळच्या आमच्या छोट्या बिअरच्या कारखान्यात बिअर काढण्याचं सगळं काम ती बघायची, मी तिच्या हाताखाली होतो. वयाने माझ्याहून लहान, तरी सगळ्यांची ताईच.

ती जवळच्याच वैशाखरे गावची. तिची आई गावात सांगायची, "पोरगी सरबताच्या कंपनीत हाय." ताई हसून म्हणायची, "खोटं नाय. माझं सरबत जरा फेसाळतं, एवढंच." पण आईने कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं आणि ते ताईला लागायचं. डबा खाताना कधीतरी बोलून जायची.

एक भांडं एकाच कामाचं, हे तिला मान्य नव्हतं. दुधाच्या कॅनमध्ये ती यीस्ट वाढवायची. कुणी हटकलं तर म्हणायची, "भांड्याला कुठं ठाऊक असतं त्याचं नाव?"

एका भाद्रपदात तिने हिमाचलातल्या लाहौलच्या एका शेतकऱ्याकडून ताजे हॉप्स मागवले. बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी ही हिरवी फुलं आम्ही एरवी वाळवून, दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात वापरायचो. ताजी फुलं लगेच वापरली नाहीत तर पोत्यातच तापून सडतात. विमानाने मुंबईला आलेली पोती घेऊन टेम्पो दुपारी दारात लागला. उघडून बघतो तर फुलं वेलींसकट. खुडायला माणसं हवीत आणि आम्ही जेमतेम चौघं. ताईने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. "आतून गरम व्हायला लागलीत," ती म्हणाली आणि तिने सरळ आईला फोन लावला.

"आये, फुलं खुडायचीत. बायांना घेऊन ये. आज नाय आलीस तर सगळं फुकट जाईल."

आई आली, जीप भरून बायका घेऊन. शेतात राबलेले हात ते, वेली भराभर रिकाम्या झाल्या. आईने एक फूल बोटांत चुरडलं आणि अगदी लेकीसारखं नाकाशी नेलं. "कैरीसारखा वास येतो गो," ती म्हणाली. "आन् मागनं कडू."

तोवर ताईने धान्य भिजवायची टाकी रिकामी करून घासून घेतली होती. त्या टाकीच्या तळाला जाळी होती. फुलं जाळीवर पसरायची आणि वरून माल्टचा उकळता रस सोडायचा. फुलं वर राहतील, सुगंध घेऊन रस खाली उतरेल. मालक म्हणाले, "जाळी तुंबली तर सगळा माल गेला."

तुंबलीच. खालची धार बारीक होत होत थांबली. मालकांचा चेहरा उतरला. ताईने खालच्या बाजूने गरम पाणी सोडलं, दबलेली फुलं हलकेच वर उचलली गेली आणि रस पुन्हा वाहू लागला. शेडभर असा दरवळ सुटला की बायका घरी जायला तयार होईनात. खोळंबलेल्या जीपवाल्याने विचारलं, "कसली कंपनी ही?"

"बिअरची," आई म्हणाली. "माझी पोरगी बनवते."

ताईने ऐकलं. पाठ फिरवून ती बराच वेळ टाकीची झडप पुसत राहिली.

ती बिअर दिवाळीआधीच संपली. पुढे ताई हॉप्सच्या मळ्यांजवळ, लाहौलच्या बाजूला एका कारखान्यात गेली. निघताना म्हणाली, "टाकी आता तुझी. घाबरायचं नाय." तेव्हापासून ताज्या फुलांची बिअर मी काढतो आणि खुडायला ताईची आई बायकांना घेऊन येते.

यंदा खुडणी उरकल्यावर आई माझ्याजवळ आली. "पोरीकडं चाललेय. तिकडं थंडी लय हाय म्हनं. इमानात गोधडी नेऊ देतात का रे?"

म्हटलं, "देतात की."

"मंग दोन नेते," आई म्हणाली.