सात जोड्या तांदूळ

तेव्हा मी चंद्रपुरात चार बायांसोबत एका खोलीत राहत होते. शाळेचे गणवेश शिवायचं काम होतं आणि खोली त्या कारखान्याच्या मागेच. वेगळं घर भाड्यानं घ्यावं असं कधी मनातही आलं नव्हतं. आठवीत शाळा सुटलेली मी. कुठला कागद समोर आला की वाचण्याआधीच हाताला घाम यायचा.

पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा आधीच गेला होता, उरलेल्यात मोतीबिंदू. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, ऑपरेशननंतर महिनाभर धूर अजिबात नको आणि थेंब वेळच्या वेळी. आमचं गाव आलापल्लीच्याही पुढं. घरात चूल, आणि चुलीपुढं आई एकटी. तिला इकडं आणल्याशिवाय तो डोळा वाचणार नव्हता.

फोनवर ती हो म्हणाली, पण अट घालून. "घर घेशीन त पयले दाणे ठेव. जोड्या सुटल्या त मी येत नाई. आत्ताच सांगून ठेवते."

आमच्याकडं नवी जागा अशीच पाहतात. संध्याकाळी एक कोपरा स्वच्छ करायचा, तांदळाचे दाणे जोडी-जोडीनं मांडायचे, वर वाटी उपडी घालायची. सकाळी सगळ्या जोड्या जशाच्या तशा असल्या तर जागेनं आपल्याला ठेवून घेतलं. एखादा दाणा जरी हलला तर तिथं राहायचं नाही. बाबांनी आमचं घर असंच तिसऱ्या जागेवर बांधलं होतं.

सुट्टीच्या दिवशी मी घरं पाहत फिरायला लागले. एका ठिकाणी मालकानं आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग मासोळी खाता का, आणि मग खोली रिकामी नाही म्हणाला. दुसरं घर खाणीच्या बाजूला होतं. मी आत उभी असतानाच दुपारचा सुरुंग उडाला आणि मांडणीवरची ताटं खणखणली. मालकीण हसून म्हणाली, "सवय होते." डोळ्याला पट्टी बांधलेली आई तिथं दचकून उठताना मला दिसली. मी चप्पल घातली.

तिसरं घर एका निवृत्त शिक्षिकेचं. खाली त्या एकट्या राहायच्या, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. बैठकीत बुद्धाची मोठी तसबीर, खाली ताजी फुलं. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं असं पाहिलं की मला परत वर्गात उभं राहिल्यासारखं वाटलं. जिना रुंद होता, पायऱ्या बुटक्या. खिडकीतून कडुलिंब दिसत होता. मी खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

"घेऊन राह्यली का नाई?" बाईंनी विचारलं.

"उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. दाण्यांचं सांगायची हिंमत होईना. शेवटी बाईच म्हणाल्या, "अवं, खिडकी झिजवशीन का आता? काय अडचण हाय ते सांग ना."

मी मान खाली घालून सगळं सांगितलं. डोळा, धूर, आईची अट, सात जोड्या, वरची वाटी. बाईंनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाल्या, "हे पाय, आमी असलं काही मानत नाई. माह्या घरात हे चालत नाई." मी जिन्याकडं वळले. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. "पन माय तुयी हाय. ठेव तुये दाणे."

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघराचा कोपरा तीनदा पुसला. आईनं गावाहून पाठवलेल्या पुरचुंडीतला तांदूळ काढला, उखळात कांडलेला, लालसर. सात जोड्या मांडल्या आणि वर वाटी घातली. गावातल्या सारवलेल्या भुईची सवय. मोरीजवळच्या फरशीच्या फटीत मुंग्या राहतात हे माझ्या डोक्यात आलं नाही. किल्ली बाईंना देऊन मी खोलीवर गेले.

सकाळी कामावर जायच्या आधी पोचले. बाई वरच्या दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. मी वाटी उचलली. सातही जोड्या जागेवर. एकही दाणा हललेला नाही.

फक्त दाणे पांढरे होते. मूल गावच्या गिरणीतून येतो तसा लांब, गुळगुळीत तांदूळ.

"बसले का तुये दाणे?" बाईंनी केर भरता भरता विचारलं.

"बसले," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. मीही काही विचारलं नाही. दाणे क्रीमच्या रिकाम्या डबीत भरले आणि आईला फोन लावला. "सगळ्या जोड्या जागेवर हायेत, आई." शब्द खोटे नव्हते, पण दिवसभर माझी शिवण वाकडी गेली.

आई आली, ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा तिनं काळ्या चष्म्यातून माझ्याकडं इतका वेळ पाहिलं की मीच लाजले. घरी आल्यावर म्हणाली, "दाणे आन. पयल्या भातात टाकाव लागतात."

मी डबी दिली. तिनं दाणे पाहिले नाहीत, बोटांत चोळले. वर्षानुवर्षं तिनं अंदाजानं, हातानंच तांदूळ निवडलेला.

"हे आपले नोहोत."

मी गॅस बंद केला आणि खरं ते सांगून टाकलं. आता ती पिशवी भरेल, तशीच गावच्या बसमध्ये बसेल, चुलीपुढं जाईल, असं वाटून मी दारात आडवी उभी राहिले. आईनं दाणे परत डबीत ओतले. मग म्हणाली, "बोलाव तिले."

बाई वर आल्या. आईनं विचारलं, "दाणे तुमी ठेवले?"

"हो. सकाळी पाह्यलं त मुंग्या घेऊन चालल्या होत्या. अर्धे नेले होते. चूक मुंग्यांची, तुमचा राग घरावर काऊन निघावा?"

"तुमी त मानत नाई म्हनते पोरगी."

"नाई मानत. आजही नाई मानत." बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "तीन दिवस येऊन एकच खिडकी उघडून पाहत होती ही. तुमाले तिथून झाड दिसते का, ते पाहत असन. मंग मले राहवलं नाई."

आईनं मान वळवून खिडकीकडं पाहिलं. कडुलिंब वाऱ्यानं हलत होता. तो तिला दिसत होता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

तिनं डबीतले पांढरे दाणे पातेल्यात टाकले. मग पुरचुंडी सोडून आमचा लाल तांदूळ काढला आणि मूठ हवेत धरूनच विचारलं, "तुमी जेवान ना, बाई? किती टाकू?"

"मले शुगर हाय. भात थोडाच खाते."

"थोडा म्हंजे किती?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "आज दोन मुठी टाका," त्या म्हणाल्या आणि फरशीवर मांडी घालून बसल्या.