ताईची राजपुत्रांची कॉमिक्स

गंगापूर रोडवरच्या रद्दीच्या दुकानात जुन्या कागदांचा वास आला आणि माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची, राजपुत्रांची कॉमिक्स आठवली. मी त्यांना हसायचे. सगळ्या गोष्टी सारख्याच. लग्न झालं की संपल्या. राणीचं पुढे काय झालं, ते कुणी सांगायचंच नाही.

मनमाडचे पाहुणे ताईला पसंत करून गेले, त्या दुपारी पंचवटीतल्या आमच्या घरात ती पाहुण्यांसाठी नेसलेल्या साडीतच कॉमिक वाचत बसली होती.

"आत्ताही हेच?" मी विचारलं.

तिने गुडघे टेकून बसलेल्या राजपुत्राचं चित्र दाखवलं. "हा निदान विचारतो तरी तिला, लग्न करशील का म्हणून."

मी हसले आणि शेजारी पेढे द्यायला गेले. महिन्याभरात तिचं लग्न झालं. त्या दुपारी मी तरी तिला विचारायला हवं होतं.