काडीवाला हिरडा

राजूरच्या बाजारात आमचं हिरड्याचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या गादीवर माझे वडील बसत. बसत, एवढंच. धंदा आई करायची. गादीमागच्या दारात ती पदर खोचून उभी असे. व्यापाऱ्यानं भाव विचारला की वडील "बघतो" म्हणून आत यायचे, आईला विचारायचे आणि बाहेर जाऊन तेच उत्तर स्वतःचं असल्यासारखं ठणकावून द्यायचे. सगळ्या बाजाराला हे ठाऊक होतं. पण बाईशी भाव ठरवला तर पुरुषाची पत जाते ना! मला तेव्हाही या सोंगाचं हसू यायचं, आणि रागही.

उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांमधून बायका वाळवलेला बाळहिरडा पाट्यांत भरून आणत. काळाभोर, सुरकुतलेला, चावला तर तोंड तुरट करणारा. आईच्या बोटांना बारा महिने त्याचाच वास. तो वास आला की आजही मी हातातलं काम टाकून क्षणभर थांबते.

आई पाटीत कोपरापर्यंत हात घालायची. हातानं तोडलेला हिरडा असला तर नुसती फळं लागत. कोयत्यानं अख्खी फांदी पाडून ओरबाडलेला असला, तर आत काड्या सापडत. काडी सापडली की पाटी परत. पण पाटी आणणाऱ्या बाईवर ती कधी डाफरली नाही. एवढंच म्हणायची, "फांदी तुझ्या मालकानं तोडली ना? मंग पुढच्या बाजारी माल घिऊन त्यालाच पाठव."

आणि ते यायचे! चांगले मिशीवाले बाप्ये, डोक्यावर पाटी, बायकांच्या रांगेत मान खाली घालून उभे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा त्या रांगेत उभा राहिलेला माणूस सहसा पुन्हा फांदीला कोयता लावत नसे.

एका वर्षी संगमनेरचा व्यापारी आला. आमचा बहुतेक सगळा माल तोच उचलायचा. म्हणाला, "यंदा दुप्पट माल पाहिजे. काडी असू द्या, काही असू द्या, आम्ही चाळून घेऊ. जमत नसेल तर दुसरीकडं बघतो." आई नेमकी एका लग्नाला गेलेली. वडिलांनी मागं वळून पाहिलं, दार रिकामं. घाबरून हो म्हणून बसले.

आई आली आणि भडकली. "तुमी शब्द दिला, पन झाडाला इचारलं का?"

"धंद्यात शब्दाला किंमत आसती," वडील पुटपुटले. "आता मागं कसं फिरू?"

तेही खोटं नव्हतं. नाही म्हणावं तर दुकान बसणार, हो म्हणावं तर डोंगर बोडका होणार.

बाजाराच्या दिवशी व्यापाऱ्याचा टेम्पो दारात लागला. आई दारातून पुढं आली, व्यापाऱ्यासमोर पहिल्यांदाच. "शेठ, ह्यांनी दिल्याला शब्द मी माघारी घेते, मला माफ करा. चांगला माल हाय तेवढा न्या. फांदी तोडून आनल्याला मी घेनार न्हाई."

व्यापारी तिच्याकडं बघेचना. वडिलांना म्हणाला, "घरात पुरुष असताना बाईनं बोलायचं? मालक, तुम्ही सांगा."

वडील उठले. मला वाटलं, आता सवयीनं आत जातील. पण आत विचारायला कोणी नव्हतंच. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलानं गादी झटकली. "मालक ही हाय, शेठ. बस गं हितं."

टेम्पो रिकामा गेला. पुढची काही वर्षं ओढाताणीची गेली. पोती एसटीच्या टपावर टाकून आई गावोगाव गिऱ्हाईक शोधत फिरली. दुकान तगलं. डोंगरावरची झाडंही तगली, पण आईनं ती पुन्हा फळांनी भरलेली पाहिली तेव्हा ती स्वतः थकली होती.

ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. गादीवर मी बसते. वडील बाजूला खुर्चीत असतात.

परवा औषध कंपनीचा एक तरुण आला. मला ओलांडून त्यानं वडिलांना विचारलं, "बाबा, काय भाव लावणार?"

"बघतो," वडील म्हणाले. काठी टेकत उठले आणि मागच्या दारापाशी गेले. तिथं बराच वेळ उभे राहिले. मग डोळे पुसत परत आले.

"ती म्हनती, मालकिनीला इचारा," त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "गादीवर बसलीया."