माया सोडलेला वेटसूट

विट्यात समुद्र नाही. तरीही समुद्रात घालायचा सूट कापून पुन्हा शिवणारा आमच्या तालुक्यातला मी पहिला टेलर आहे, आणि एकंदर मागणी बघता शेवटचाही मीच असणार.

बाजारपेठेत माझं दुकान आहे. घरचे सोडून सगळे मला मास्तर म्हणतात. माझं नाव झालं ते मायेमुळे. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात, त्याला आम्ही टेलर लोक माया म्हणतो. आमच्या गावची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं गाळायला, देशभर पांगलेली. लग्नसराईला गावी परततात ती दरवर्षी थोडी आणखी रुंद होऊन. दुसरे टेलर त्यांना नवा सूट शिवायला लावतात. मी जुनाच उसवतो, आतली माया बाहेर काढतो, आणि शेठ पुन्हा सुटात मावतात. माझ्या एका सुटात माणसाचं सगळं आयुष्य पोटासकट बसतं, असा माझा लौकिक आहे. (हा लौकिक मीच पसरवला, पण पसरला हे खरं.)

तर माझ्या मुलीचं, सनाचं, लग्न ठरलं. मुलगा साजिद, रत्नागिरीकडचा. काम काय, तर पर्यटकांना पाण्यात बुडी मारायला शिकवणं. आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः बुडी मारणं. पाठीवर टाकी नाही, तोंडात नळी नाही. एक श्वास घ्यायचा, रोखायचा, खाली जायचं, भाल्यानं मासा टिपायचा आणि वर यायचं. मला मुलगा आवडला. जो इतका वेळ तोंड बंद ठेवू शकतो, त्याचा संसार चांगला होणार.

आमच्याकडे नवरदेवाचा सूट-बूट मुलीच्या बापानं द्यायचा असतो. निकाहाची शेरवानी मी हातानं शिवणार होतोच, पण सूट-बूट वेगळा. तो ताटात घालून पाहुण्यांपुढे मांडतात आणि पाहुणे बोटांनी कापड चोळून बघतात. त्यातून मी टेलर. टेलरच्या घरून गेलेला सूट जावयाच्या अंगाला बसला नाही, तर दुकानाला कुलूप लावून किल्ली कृष्णेत टाकायची वेळ यायची. म्हणून मी साजिदला फोन करून कसला सूट हवा ते विचारलं.

तो लाजला. "मला काही नको अब्बा. अगदी द्यायचंच असेल तर वेटसूट आणि फिन्स द्या."

वेट म्हणजे वजन, एवढं इंग्रजी मला येतं. पोरानं भारी सूट मागितला होता. मी दुकानातलं सगळ्यात वजनदार लोकरी कापड काढलं, तराजूवर तोलून खात्री केली आणि खडूनं आखायला घेतलं. तेवढ्यात सना आली.

"अब्बा, हे काय?"

"साजिदचा वेटसूट."

"हे घालून ते बुडतील," सना म्हणाली. "वेट म्हणजे ओला."

"ओला सूट? मग वाळवून का देऊ नये?"

सनानं कपाळाला हात लावला आणि फोनवर चित्र दाखवलं. नखशिखांत रबराचा, टोपीसकट, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा एक प्रकार. माणूस आणि झाडी यांतला फरक माशांना कळू नये म्हणून ते ठिपके. फिन्स म्हणजे पायात घालायची लांबलचक पाती, बदकाच्या पायाला कुणी ओढून ओढून लांब केल्यासारखी. सूट-बूट तो हाच.

निवड करायला आम्ही तिघं फोन घेऊन बसलो. सना, तिची अम्मी आणि मी. सना साजिदला विचारून एकेक सांगायची. "कोकणातलं पाणी उबदार असतं, तीन मिलिमीटरचं रबर पुरे. फिन्सचं पातं मऊ घ्यायचं, पोटऱ्या दुखत नाहीत. आणि अब्बा, सूट अंगाबरोबर हवा. अगदी कातडीसारखा. ढिला राहिला की आत पाणी खेळतं आणि माणूस गारठतो."

"अंगाबरोबर?" मी म्हणालो. "जावयाला घट्ट कपडा देऊ? लोक म्हणतील, सासऱ्यानं कापड वाचवलं."

"पातळ नगं बया," सनाची अम्मी म्हणाली. "लग्नात काय पातळ देत्यात व्हय?"

सना पाणी प्यायला आत गेली. फोन माझ्या हातात राहिला, आणि टेलरच्या हातात माप राहिलं की काय होतं ते तुम्ही जाणताच. जाडी तीनची पाच केली, कारण जाड कापड टिकतं. पातं मऊचं कडक केलं, कारण कडक चामडं टिकतं. आणि साईज दोन घरं वाढवली, कारण लग्नानंतर माणूस भरतो. रबराला माया सोडता येत नाही, म्हणून मी माया सगळ्या सुटालाच सोडली.

पार्सल आलं. सनाच्या अम्मीनं एक फिन उचलून जिन्याकडे बघितलं. "आवं, ही बुटं हायत का वल्ही? ह्ये घालून माणूस माडीवर जायाचा कसा?"

"माडीवर नाही, समुद्रात जायचंय."

"मग घरात येताना?"

मी सूट झटकून उलगडला. ट्रायल घेतल्याशिवाय माझ्या दुकानातून कपडा जात नाही. साजिद रत्नागिरीत, म्हणून ट्रायलला मीच उभा राहिलो. आमची उंची सारखी नाही आणि पोटं तर दोन वेगळ्या तालुक्यांतली आहेत. त्यामुळे सूट पोटावर तट्ट बसला आणि हातापायांत पिशवीसारखा लोंबला. पोटाकडे बघून मी सनाला म्हणालो, "बघ, घट्टच आहे. तू उगीच काळजी करतेस."

आता पाण्यातली ट्रायल राहिली होती. जतकडे माझा जुना दोस्त आहे, बिरूअण्णा. मेंढरं राखता राखता त्यानं डाळिंबाची बाग लावली आणि बागेसाठी मोठं शेततळं केलं, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. भोवती मैलोन्‌मैल कोरडं रान आणि मधे हे तळं. आमच्यासाठी तोच समुद्र. सना, तिची अम्मी आणि मी गाडी करून निघालो.

मी बागेतल्या खोलीतून ठिपक्यांचा सूट घालून, फिन्स फटाफट आपटत बाहेर आलो. बिरूअण्णाच्या हातातली काठी गळाली.

"आवं मास्तर, मिल्ट्रीत भरती झालासा का काय?"

"जावयाचा सूट आहे. ट्रायल घ्यायची."

"घ्या की. पर पानी लय सांडू नगा. निम्मं टँकरनं इकत आणून टाकलंय."

मी काठावर उभा राहिलो. फिन्स घालून पुढे चालता येत नाही, उलटं चालावं लागतं, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी पुढे पाऊल टाकलं, एका पात्यावर दुसरं पातं पडलं, आणि उडी मारायचा निर्णय माझ्याऐवजी फिन्सनी घेतला.

पाण्यात पडताच दोन गोष्टी झाल्या. पहिली, गळ्यातून पाणी आत शिरलं आणि लोंबत्या पायांत, बाह्यांत भरत गेलं. दुसरी, मी बुडेना. (रबर तरंगतं, बुडायला कमरेला शिशाचा पट्टा बांधावा लागतो. हेही नंतर कळलं.) मी पालथा झालो, उताणा झालो, आणि शेवटी दोन्ही फिन्स आभाळाकडे करून तळ्याच्या मधोमध स्थिर झालो. पाय मारावे तर ती कडक पाती हलेनात आणि पोटऱ्यांत असे गोळे आले की मी मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत अल्लाची आठवण काढली.

काठावर मेंढरं जमली. ती एका रांगेत उभी राहून माझ्याकडे बघत होती. अण्णाचं कुत्रं भुंकून भुंकून थकलं आणि खाली बसलं. सनाची अम्मी ओरडत होती, "आवं, वर या की!" जणू मी तिथं हौसेनं थांबलो होतो.

अण्णानं दोर टाकला. मी धरला. पण प्लॅस्टिकचा कागद निसरडा, अंगात मणभर पाणी, आणि मी काठापर्यंत यायचो नि सर्रकन परत खाली जायचो. अखेर अण्णा, त्याची दोन पोरं आणि सनाची अम्मी अशा चौघांनी ओढून मला काठावर घेतलं. मी उभा राहिलो तेव्हा बाह्यांतून, गळ्यातून, पायांतून धो धो पाणी वाहायला लागलं. मेंढरं पुढे आली आणि शांतपणे प्यायला लागली.

"टँकर आला म्हनायचा गड्या," अण्णा म्हणाला.

मी हसलो असतो. पण तेवढ्यात सनाचा फोन माझ्याकडे वळलेला दिसला. ती सगळी ट्रायल साजिदला व्हिडिओ कॉलवर दाखवत होती. जतच्या त्या रानात एरवी फोन लागत नाही, रेंज नेमकी त्याच वेळी आली होती. पडद्यावर साजिद ओठ दाबून बसला होता.

"अब्बा," तो फार अदबीनं म्हणाला, "सूट छान आहे. जरासा ढगळ वाटतो."

ढगळ! माझ्या दुकानात हा शब्द कुणी उच्चारत नाही. परतीच्या वाटेत मला खरोखर वाईट वाटत होतं. लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा बापाला मनासारखं एक काम सांगितलं होतं, अगदी माझ्या धंद्यातलं, आणि मी ते मेंढरांना पाजलं होतं.

शेवाळ लागलेला सूट कंपनी परत घेईना. मग मी ठरवलं, हा सूट मी बसवणार. सनानं फिन्स मऊ पात्याच्या मागवल्या, त्या वेळी मी हात पाठीमागे बांधून उभा होतो. (कडक पाती अण्णानं ठेवून घेतली. गोठ्यातलं शेण ओढायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही म्हणतो.) साजिदनं फोनवर मापं पुन्हा दिली आणि रीत समजावली. मी कात्री लावली. मशीनची सुई मोडली, दुसरी मोडली, मग हातशिलाईवर आलो. रबराच्या कडा पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशननं एकमेकींना भिडवायच्या, आणि वाकडी सुई निम्म्या जाडीतूनच फिरवायची. आरपार गेली की भोक पडलं आणि पाणी शिरलं. कापडात असं कुणी शिवत नाही. मान मोडली, बोटं चिकटली, सनाच्या अम्मीनं दोन वेळा घास भरवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी शिवणीत माया सोडली नाही.

सूट रत्नागिरीला गेला. मी दुकानात बसलो, पण कुणाचंच माप धड लिहिलं जाईना. मग फोटो आला. साजिद समुद्रातून बाहेर आलेला, सूट अंगावर कातडीसारखा, मऊ फिन्स काखेत आणि हातात एक मोठा मासा. खाली लिहिलं होतं, 'अब्बा, आत पाणी जराही खेळत नाही. घालताना मात्र अंगाला साबणाचं पाणी लावावं लागतं, पण चांगल्या सुटाची तीच खूण. इथले सगळे विचारतात, टेलर कोण?'

टेलर कोण! मी तो फोटो मोठा करून काचेत लावला. बाजारपेठेतून जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दाखवला. गलाईवाले शेठ म्हणाले, "मास्तर, हिथं कोन बुडी मारतंय?" मी म्हणालो, "तुम्ही मारू नका, पण बघून घ्या." लग्नासाठी साजिदकडून परत मागवून ताटात तो सूट मांडला तेव्हा पाहुण्यांनी बोटांनी चोळला, ओढला, आणि माना डोलावल्या. बिरूअण्णा पुटपुटला, "ह्यातनं मेंढराला प्यायला एक थेंब गावायचा न्हाई." यापेक्षा मोठी दाद मला मिळालेली नाही.

मला आता धंद्याचं नवं ज्ञान झालं होतं. कपडा अंगाबरोबर हवा. ढिलाई नको. निकाहाची शेरवानी मी त्याच मापांवर, त्याच उत्साहात शिवली.

लग्नाच्या दिवशी शेरवानी घालायला साजिद खोलीत गेला. थोड्या वेळानं दार किलकिलं झालं. "अब्बा, थोडं साबणाचं पाणी मिळेल?"

मला वाटलं, हात धुवायचे असतील.

मांडव भरला होता. साजिद ताठ बसला होता, इतका ताठ की लोक म्हणाले, काय रुबाब आहे. काझीसाहेबांनी विचारलं, "कबूल है?"

साजिद बोलेना.

काझीसाहेबांनी पुन्हा विचारलं. साजिदनं डोळे मिटले. सनाच्या अम्मीनं माझा दंड धरला. पोराचं मन बदललं असेल तर माझ्या सनानं काय करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी साजिदच्या अम्मीकडे बघितलं. बाई निवांत पान लावत होत्या.

"घाबरू नका भाईसाब," त्या म्हणाल्या. "तो असाच खाली जातो. येईल वर. त्याला अजून पुष्कळ वेळ आहे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गळ्याचं बटण लागावं म्हणून पोरानं श्वास रोखला होता! मी मंचावर धावलो, खिशातली छोटी कात्री काढली आणि शेरवानीची पाठ मानेपासून कमरेपर्यंत उसवली. साजिद समुद्रातून वर यावा तसा वर आला. त्यानं एक प्रचंड श्वास घेतला, गळ्याचं बटण सुटून बिरूअण्णाच्या सरबतात पडलं, आणि एका दमात तीनदा "कबूल है" झालं. मांडवानं अशा टाळ्या वाजवल्या की काझीसाहेबांना दुआ पुन्हा सुरू करावी लागली.

निघताना साजिद गळाभेटीला आला. उसवलेल्या पाठीवर शाल होती. सना रडत होती, मीही रडत होतो. तो माझ्या कानाशी म्हणाला, "अब्बा, सनाची काळजी करू नका. फक्त माया असू द्या."

मी त्याला आणखी घट्ट धरलं. "बेटा, ती तर कायमच असणार."

"ती नव्हे अब्बा," साजिद म्हणाला. "शिवणीतली."