क्रूसाखालची चावी

ओब्दुलिया आमच्या दारात पहिल्यांदा आली ती पाण्याची चौकशी करत. नगरपालिकेच्या पाणी आणि बांधकाम खात्यावर साहेब म्हणून एक बाई आली आहे, एवढं गल्लीत कळलं होतं. आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. किती वेळ येतो, असं तिनं विचारलं तर शेजारणी म्हणाल्या, येतो थोडा वेळ. मी आत जाऊन वही आणली. रोज संध्याकाळी जपमाळ झाली की मी चार ओळी लिहिते: काय रांधलं, कोण आजारी आहे, कुणासाठी प्रार्थना करायची, नळ किती वाजता आला आणि कधी गेला. तिनं अकरा महिन्यांची पानं उभ्या उभ्या वाचली. मोलेच्या रश्शात मी तीळ किती घालते तेही वाचलं, आणि इतके का, असं विचारलं. पुढे ती माझ्या धाकट्या मुलीची धर्ममाता झाली. तेव्हापासून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. बाकी गावाला ती ‘इन्हे’. इंजिनीअरला आमच्याकडे असंच म्हणतात, बाई असो की बाप्या.

ती मूळची किनाऱ्याकडची, बाप बोटी दुरुस्त करायचा. चर्चमध्ये वर्षातून दोनदा येते आणि पाद्री बोलत असताना छताच्या वाशांकडे बघत बसते. तिच्यासाठी मी वेगळी प्रार्थना करते. ते तिला माहीत आहे, तिची काही हरकत नाही.

हाताखाली त्रेचाळीस माणसं. पहिल्या वर्षी त्यांनी तिची परीक्षाच पाहिली. फुटलेल्या पाइपाशी बोलावून घ्यायचं आणि शिडी मुद्दाम विसरायची. ती काठावर बसली, घसरत चिखलात उतरली आणि खालून म्हणाली की आता वर कसं यायचं ते तुम्ही ठरवा. त्यानंतर गाडीतून आधी शिडी उतरते.

दर सोमवारी सकाळी सातला ती सगळ्यांना गाडीभोवती उभं करायची, बॉनेटवर नकाशा पसरायची आणि एकच प्रश्न विचारायची: गेल्या सोमवारी माहीत नव्हतं असं काय कळलं? सुरुवातीला हसायचे. एकानं सांगितलं, सासू अजून आठवडाभर राहणार असं कळलं. ती म्हणाली, मग शुक्रवारचं जादा काम तुलाच. हळूहळू माणसं खरंच काहीबाही घेऊन यायला लागली. कुठल्या भिंतीला ओल आहे, कुठल्या झाकणाखाली मांजर व्यायली आहे. ती सगळं नकाशावर पेन्सिलीनं मांडायची.

यंदाचं मोठं काम ला पेन्या वस्तीचं. ती वस्ती टेकडीवर, तिथं आजवर टँकरशिवाय पाणी नाही. नवी पाइपलाइन टाकून झाली होती, फक्त चौकातल्या मोठ्या लाइनला जोडायची राहिली होती. जोडायची तर मोठी लाइन काही तास कोरडी हवी. तिनं दोन्ही बाजूंच्या चाव्या, म्हणजे पाणी अडवायचे व्हॉल्व्ह, बंद करवल्या, तरी पाणी येतच राहिलं. दोनदा केलं, दोनदा तेच. म्हणजे तिसरी चावी कुठंतरी होती. जुन्या नकाशात लिहिलं होतं: लॉरेलच्या झाडापासून चार पावलं. झाड केव्हाच गेलेलं, रस्ता रुंद झालेला. आणि टेकडीवरचा चर उघडा होता. पंधरा दिवसांत पाऊस येणार, चर ढासळणार, मग ला पेन्याचं पाणी पुढच्या वर्षावर.

हे तिनं मला स्वयंपाकघरात बसून सांगितलं. माणसं लोखंडी सळई घेऊन चौकभर ठोकत फिरतात, म्हणाली. तिला काळजीपेक्षा कुतूहलच जास्त वाटत होतं. एवढी मोठी वस्तू गावाच्या मध्यावर हरवते कशी?

ती गेल्यावर तो प्रश्न माझ्याही डोक्यातून जाईना. पाइप, चाव्या, नकाशे यातलं मला कळत नाही, पण रस्ता रुंद झाला ते वर्ष माझ्या वहीत असणार. जुन्या वह्या काढल्या. तीन मे, पवित्र क्रूसाचा दिवस, गवंडी लोकांचा सण. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक बांधकामावर क्रूस उभा करतात. मी लिहिलं होतं: ‘चौकाचं काम झालं. मुकादम चोन आणि त्याच्या गड्यांनी मध्यावर क्रूस उभा केला. क्रूसाची धर्ममाता मी, कागदी फुलं माझी. आठ जणांना मोले. चोन म्हणाला, देवाचीच मर्जी, खणावंसुद्धा लागलं नाही, भोक आयतंच होतं, नुसतं सिमेंट ओतलं.’

मी ते तीनदा वाचलं. पंधरा दिवसांपूर्वीच त्या क्रूसाला मी नवी फुलं बांधली होती. पाद्रीनं शिंपडलेलं पवित्र पाणी अजून माझ्या डोळ्यांसमोर होतं. सांगितलं तर तो क्रूस माझ्यामुळे उखडला जाणार. नाही सांगितलं तर टेकडीवरच्या बायका वर्षभर बादल्या घेऊन टँकरमागे. जपमाळ हातात घेतली, पण मोजणी चुकत राहिली. शेवटी वही शालीखाली घेऊन तिच्या घरी गेले.

तिनं उभ्या उभ्याच वाचलं. मग विचारलं, हे चोनला आठवत असेल का? मी म्हटलं, तो त्या चौकातून रोज जातो, छातीवर क्रूसाची खूण करून.

मला वाटलं ती लगेच माणसं पाठवेल. तिनं सोमवारपर्यंत वाट पाहिली. तीन दिवस होते मध्ये. मी आभाळाकडे बघत होते. सोमवारी मीही गेले, दूध आणायच्या निमित्तानं.

तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. दोघातिघांनी काहीतरी सांगितलं. चोन टोपी हातात फिरवत होता. सव्वीस वर्षं नोकरी झालेला माणूस.

“मुकादम, तुमचं?”

“नवं काही नाही, इन्हे. जुनंच आहे,” तो म्हणाला. “पहिल्यांदा पाणी थांबलं नाही ना, त्याच दिवशी कळलं मला. क्रूस कुठं रोवलाय ते.”

कुणी हसलं नाही. एकजण पुटपुटला, बघ, देवालाच बूच केलंस की रे. तरीही कुणी हसलं नाही.

“मग सांगितलं का नाहीत?” तिनं विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“लाज तुमची वाटली, आणि भीती त्याची.”

ती म्हणाली, लाजेचं मी बघते, भीतीचं माझ्या कोमाद्रेला विचारा. सगळे माझ्याकडे वळले. दुधाचं भांडं मी खाली ठेवलं. मी एवढंच म्हटलं की ज्या हातांनी रोवला त्याच हातांनी काढावा, आणि फुलं मी काढीन.

पाद्रीला विचारलं, तोही तेच म्हणाला, फक्त जास्त वेळ घेऊन. मंगळवारी फुलं काढली. चोननं क्रूसाभोवती दोर बांधला आणि तेव्हाच्या आठही जणांनी तो लहान मूल उचलावं तसा उचलला. खाली सिमेंट. दोन तास छिन्नी चालली. मग लोखंडाचा आवाज आला आणि ओब्दुलिया पोटावर आडवी होऊन भोकात बघायला लागली. चावी चोननंच फिरवली, एकोणीस फेरे. पाइप गुरगुरला आणि गप्प झाला.

शनिवारी ला पेन्यात नळ आला, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी. पाऊस चावी फिरवल्यापासून नवव्या दिवशी पडला. क्रूस आता वर टेकडीवर, नव्या टाकीपाशी उभा आहे. या वेळी चोननं स्वतः खणलं, कंबरेइतकं. चौकातल्या चावीवर नकाशात आता पेन्सिलीचा छोटा क्रूस आहे.

तेव्हापासून माझा नळ लवकर जातो. मी कोमाद्रेला तसं सांगितलं, जरा ठसक्यातच. मला वाटलं, ओशाळेल. तिनं पेन्सिल काढली.

“किती मिनिटं लवकर?” म्हणाली. “वही आण.”