घोळीच्या वाफ्यातलं फुलपाखरू

फुलपाखरं बघायला मी नवऱ्याच्या मागे चालता चालता शिकले. त्या काळी बाईने रस्त्याने नवऱ्याच्या बरोबरीने चालायचं नाही, चार पावलं मागे राहायचं, असा रिवाज होता. त्यात बाईचा कमीपणा असेल, नाही कोण म्हणतं! पण बघायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही. पुढचा माणूस पाय आपटत जातो, गवतातली फुलपाखरं उडतात, आणि तो जरा लांब गेला की परत त्याच जागी येऊन बसतात. तो बिचारा नाकासमोर बघत चाललेला असतो.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. माझं नवीन लग्न झालेलं. हे वडीगोद्रीला शाळेत मास्तर होते, आणि घरात आम्ही दोघं आणि सासूबाई, एवढीच माणसं. यांचं शिक्षण हैदराबादेत झालेलं. तिथल्या त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी त्या वर्षी निरोप पाठवला, की ऐन उन्हाळ्यात तुमच्या भागात कोणती फुलपाखरं दिसतात, कुठे दिसतात, ते बघून कळवा. पावसाळ्यातली सगळेच लिहितात, उन्हातली कोणी लिहीत नाही. झालं! हे डोक्याला उपरणं गुंडाळून रोज सकाळी रानात जाऊ लागले.

रामनवमीला आम्ही पायी जांबला समर्थांच्या दर्शनाला गेलो. मी अर्थात मागे. "आज कायच दिसून न्हाई राह्यलं," असं हे वाटभर म्हणत होते, आणि मी मागून बघत होते. लिंबाखाली पाणी प्यायला बसलो तेव्हा मी काय काय पाहिलं ते सांगितलं. रुईच्या झाडांवर रेंगाळणारं तांबडं होतं, त्याला मी रुईवालं म्हणायचे. दुसरं काळंभोर, पंखांवर पांढरे गोल चांद असलेलं, ते चांदवालं. हे हसले, पण मुकाट्याने लिहून घेतलं. आता रोज यांच्याबरोबर रानात जायचं, असं मी त्या लिंबाखालीच ठरवून टाकलं.

घरी आल्यावर सासूबाईंना विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या.

"मास्तर पाखरं बघत फिरून राह्यला, आता मास्तरीणबी? तुझं काय काम तिथं?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांना नेमकी तेव्हाच जोड्यांवरची धूळ झटकायची आठवण झाली. माझा राग तेव्हाही नाकावरच असायचा. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या अशा थापल्या की परातीला पोचा आला.

मग मी घरचंच रान धरलं. आमच्या मागच्या दारी विहीर होती आणि मोटेच्या पाटाकडेला सासूबाईंचा घोळीचा वाफा. वैशाखात गावात हिरवं म्हणून काही मिळायचं नाही, तेव्हा आमच्याकडे दिवसाआड घोळीची भाजी, डाळ घालून. एका सकाळी मी खुडायला बसले आणि एक रुईवालं वाफ्यावर आलं. घाईघाईने एका पानावर टेकलं, शेपटाकडचा भाग वाकवला, उडालं, दुसऱ्या पानावर टेकलं. पानाखाली पाहिलं तर बारीकसं अंडं.

मी खुडायची थांबले. रुईवाल्याची अंडी मी रुईवर पाहिलेली होती. त्याच्या अळ्या रुईची चिकाची पानं खाऊन वाढतात, त्या घोळ कशाला खातील? शिवाय रुईवालं उडतं ते सगळा दिवस आपलाच असल्यासारखं, रमतगमत. हे लगबगीचं होतं. हे रुईवालं नव्हतंच, दिसायला तेवढं त्याच्यासारखं होतं.

दुपारी हे आल्यावर सांगितलं.

"तेच हाय ते," हे म्हणाले. "चुकून बसलं आसंल घोळीवर. मी सगळीकडं तेच बघून राह्यलो ना."

"चुकून इतक्या पानांवर? बाई आहे ती, तिला कळतं पोरं कुठं ठेवायची ते!"

"आगं, मी शिकलोय हे."

ते वाक्य मला फार लागलं. मी म्हटलं, ठीक आहे, वाफ्यातूनच उत्तर काढून दाखवते. जुनी मलमल घेतली, अंड्यांच्या रोपांवर तुराट्या रोवून तिचा तंबू केला, कडा मातीने दाबल्या. आत दुसरं काही जाणार नाही, आतलं बाहेर येणार नाही. दाखवता आलं तर रानात जाऊ द्या म्हणायला तोंड होतं मला. नाही आलं तर जन्मभर परात होतीच.

अडचण एकच होती, सासूबाई! त्यांनी तंबू पाहिला आणि कपाळाला हात लावला. "भाजीच्या वाफ्याला मच्छरदानी? काढ ते. उद्या घोळ करायची हाय."

त्यांच्यापुढे माझं काही चालणार नव्हतं. पण त्यांच्यापुढे ज्यांचं चालायचं त्या भिंतीपलीकडेच राहत होत्या. शेठाणीकाकू. मारवाडातून कितीतरी पिढ्यांपूर्वी आलेलं जैन घर, कापसाचा व्यापार. पाणी गाळल्याशिवाय प्यायचे नाहीत, धान्यातला किडा चिमटीत धरून सावलीत नेऊन सोडायचे. सासूबाईंची आणि त्यांची तरुणपणापासूनची मैत्री. तोवर अंडी फुटून केसाएवढ्या अळ्या निघाल्या होत्या. मी भोळेपणाचा आव आणून काकूंना हाक मारली, म्हटलं, बघा हो, पानाला काय झालंय?

काकू वाकल्या आणि झटकन मागे सरल्या. "आवो, जीव हायेत यात! इवलेइवले जीव! वहिनी, या वाफ्याला आता हात लावायचा न्हाई. बिलकुल न्हाई."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पदर तोंडात धरून विहिरीकडे पळाले. पण मैत्रिणीचा शब्द त्यांनी मोडला नाही. काकू रोज सकाळी भिंतीवरून डोकावून वाफा शाबूत आहे ना ते बघायच्या. हिरवी भाजी बंद म्हणून त्यांच्याकडून ताटली यायची, कधी पापडाची भाजी, कधी त्यांच्या गावाकडची वाळवलेल्या रानशेंगांची केर-सांगरी. सासूबाई ती खायच्या आणि बडबडायच्या, "सुनंच्या अळ्यांपायी मी मारवाडातल्या काड्या खाऊन राह्यले."

अळ्या काळ्या झाल्या, अंगभर काटे, डोकं तांबूस. रुईवरच्या अळ्या गुळगुळीत, पट्ट्यापट्ट्यांच्या. मी यांना हाताला धरून दोन्ही दाखवल्या. हे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "निघू दे, मंग बघू." आता यांचा आवाज तेवढा चढा नव्हता. अळ्यांनी तुराट्यांवर जाऊन स्वतःला उलटं टांगून घेतलं, कोश झाले. मग मी डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली. खरं सांगते, माझी धाकधूक होत होती. पण मी चुकले असेन असं मला एकदाही वाटलं नाही.

पहिलं निघालं ते तांबडं. हे जवळ आले, म्हणाले, "रुईवालंच की!" मी म्हटलं, मागचे पंख बघा. रुईवाल्याच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात, याच्या वरच्या कडेला एकच होता. हे वाकून पंख बघू लागले. एवढ्यात शेजारच्या तुराटीवरचा कोश उकलला. सासूबाई आणि भिंतीपलीकडून काकू, दोघी बघत होत्या. ओले, चुरगळलेले पंख हळूहळू पसरले. काळेभोर. त्यांवर पांढरे चांद, चांदांना जांभळी झाक.

ते चांदवालं होतं. यांनी आख्खा उन्हाळाभर निराळ्या जातीचं म्हणून लिहिलेलं. एकाच आईची अंडी, एकच वाफा, तांबडी ती बायको आणि काळा तो नवरा.

"आगं माय," सासूबाई म्हणाल्या, "हे तं जोडपं हाय!"

मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंचा हातच धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

हे मात्र ओट्यावर आपले कागद घेऊन बसले. "जिथंतिथं रुईवालं लिहून बसलो. त्यातली रुईवाली किती अन् ही किती? पाठवू काय आता?" माझा नवरा हट्टी होता, पण लबाड नव्हता. खोटं पाठवणं त्याच्याने झालं नसतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उडताना मला हा फरक दिसत न्हाई. तुला दिसतो. सगळ्या वाटा परत फिराव्या लागतील."

सासूबाई आत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. मलमल काढून, फुलपाखरं सोडून, त्यांनी त्या संध्याकाळी भरपूर घोळ खुडली, आणि बरोबर मोजून एक कोपरा तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर चुलीपाशी दोघांच्या भाकऱ्या फडक्यात बांधलेल्या. सासूबाईंनी त्या माझ्या हातात दिल्या. हे सवयीप्रमाणे पुढे निघाले, मी सवयीप्रमाणे मागे थांबले.

"आरं, थांब," सासूबाई दारातून म्हणाल्या. "तिचं काम हाय ते. तू मागं चाल."

हे थांबले. बाजूला झाले. खरं तर बघायला मागचीच जागा चांगली, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं! पण सांगायचं मला सुचलंच नाही. मी पदर सावरला आणि पुढे झाले. वेशीपर्यंत मी मागे वळून पाहिलं नाही, मला रडू येत होतं. यांच्या जोड्यांचा आवाज चार पावलं मागून येत होता.